झुकल्या झाडाखालची जागा

दोघी जावांची अर्धी वाट सरली होती. शेवटच्या बसथांब्यापासून तळं तासाभराच्या चालीवर. पुढे थोरली, खांद्यावर दोघींच्या गळाच्या काठ्या आणि जाळं; मागे धाकटी, एका हातात रिकामी बादली, दुसऱ्या हाताखाली गुंडाळलेली रबरी चटई. वाटेवर पिवळ्या पानांचा खच पडला होता.

"बादली एवढी घट्ट का धरलीयस? पळून जाणार आहे का ती?" थोरलीनं मागे न बघता विचारलं.

"गार वाजतंय, ताई."

"बादली धरून ऊब येते होय? नवीनच ऐकलं."

धाकटीनं बादली पाठीमागे घेतली. गेले चार दिवस रोज संध्याकाळी हीच बादली भरून उकडलेला मका तिनं थोरलीच्या जागेवर, झुकल्या झाडाखालच्या पाण्यात, ओतला होता. इस्पितळाच्या धुलाईखान्यातली पाळी संपवून, घरी 'जादा काम निघालं' अशी थाप मारून.

कारण होतं तळ्याचा पास. मासे धरायचा पास घरटी एकच. आजवर सासऱ्यांच्या पासावर घरातलं कुणीही बसायचं. आता सासऱ्यांचे गुडघे गेले, आणि राखणदारानं नवा नियम केला: पुढच्या हंगामापासून पासावर ज्याचं नाव, त्यानंच बसायचं. दोन्ही मुलगे माशाचं नाव काढलं की जांभया देणारे. राहिल्या सुना. म्हाताऱ्यानं निकाल देऊन टाकला, "हंगामाच्या शेवटच्या रविवारी जिला मोठा कार्प मासा लागेल, तिचं नाव. मग माझ्याकडे रडत यायचं नाही." तो रविवार आज उजाडला होता.

धडाही सासऱ्यांचाच. पानगळीत पाणी गार झालं की कार्पची भूक मुठीएवढी होते. पोट भरलेला मासा गळाकडे ढुंकूनही बघत नाही. तेव्हा मूठभर टाका आणि थांबा. धाकटीनं मुठीच्या जागी बादल्या रिकाम्या केल्या. थोरलीचे मासे खाऊन खाऊन तट्ट फुगू देत! रोज सकाळी कामाला निघताना ती देवापुढे हात जोडायची, पण 'माशांची पोटं भर' हे काही तोंडातून निघायचं नाही. 'तुला सगळं ठाऊक आहे' एवढंच म्हणायची, आणि त्याला खरंच सगळं ठाऊक आहे या धास्तीनं दिवसभर चादरींवर इस्त्री फिरवायची.

धाकटीची थोरलीला पाण्यात पाहायची सवय तशी जुनी. ही बाई बावीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील पानांचे फर्मे शिवत होती. खिडकीजवळचं तिसरं बाकडं तिचं. बोटांची टोकं दाभणानं टणक झालेली, आणि गाठ अशी मारायची की दिसूही नये, सुटूही नये. तिथे तिला सगळे 'सुई' म्हणत: बारीक, सरळ, आणि तोंड उघडलं की टोचणारी. लग्न होऊन आली तेव्हा म्हणे जिवंत मासा बघून किंचाळायची. मग एकदा सासऱ्यांचा दोरा सारखा तुटत होता, तो हिनं निमूटपणे हातात घेतला आणि पुस्तकाची गाठ मारून दिली. त्या दिवसापासून म्हातारा तळ्यावर निघाला की हाक थोरलीलाच.

कार्प संशयी. दाणा आधी चोखून बघतो, टणक लागलं की थुंकतो. म्हणून मक्याचा दाणा गळाला टोचायचा नाही, गळाखाली पेरभर दोऱ्याला लोंबता बांधायचा. दाणा आत गेला की मागोमाग गळ. थोरली हे बोलता बोलता बांधून मोकळी व्हायची. धाकटीचा दाणा तीनदा पडायचा आणि चौथ्यांदा गळ तिच्याच बोटात शिरायचा.

तळ्यावर पोचल्यावर थोरली झाडाखाली बसली. धाकटी पन्नास पावलांवर, मोकळ्या काठाला. तिनं काठी खांद्यामागे नेऊन सपकन फेकली. शिशाचा गोळा पार मधल्या खोल पाण्यात पडला. थोरलीनं दोन मुठी दाणे टाकले आणि आपला गळ काठालगतच, अलगद सोडला.

सकाळ नुसतीच गेली. पानगळीत कार्प सकाळी नाही, ऊन चढून काठचं पाणी कोमटलं की हलतो. धाकटी मनात म्हणाली, आज काय हलणार, त्यांना ढेकर येत असतील.

आणि दुपारी थोरलीची काठी धनुष्यासारखी वाकली.

पहिला तीन किलोचा. दुसरा त्याच्याहून थोडा मोठा. तिसऱ्या वेळी थोरली उभीच राहिली, टाचा चिखलात रुतल्या. "अगं, बघत काय बसलीयस, जाळं आण!" धाकटी पळाली. जळफळाट होत असला तरी जाळं तिनं नीट धरलं, माशाचा काय दोष? मासा खरचटू नये म्हणून दोघींनी हात भिजवले, कार्प ओल्या चटईवर ठेवला. राखणदार वजनकाटा घेऊन आला, ओल्या झोळीत घालून तोलला. "नऊला थोडा कमी. घरी सांगा म्हाताऱ्याला," म्हणाला आणि निघून गेला.

झोळीतून पुन्हा चटईवर ठेवला तसा माशानं तोंड उघडून भसकन मका ओकला. ओंजळभर.

थोरलीनं एक दाणा उचलून चिमटीत दाबला. त्याचा लगदा झाला. मग नाकाशी नेला.

"मी टाकला तो बडीशेपेच्या पाण्यातला. हा कुकरमध्ये गाळ केलेला," ती म्हणाली. "तरीच आपल्या कुकरला चार दिवस मक्याचा वास येत होता!"

धाकटीनं जाळं खाली ठेवलं.

"माझ्या मदतीला टाकलास का गं?"

थाप मारता आली असती. पण चार दिवस मारून मारून जीव विटला होता. "नाही, ताई. तुम्हाला बुडवायला. पोट भरलं की गळाला लागणार नाहीत, म्हणून."

थोरली असं हसली की मासासुद्धा दचकून उसळला. "अगं वेडे! मूठभर टाकायचं ते बसायच्या दिवशी! त्याआधी चार दिवस रोज ओतायचं, म्हणजे मासे जागा सोडत नाहीत. पाचव्या दिवशी हात आखडायचा, की आलेच शोधत. मला यंदा कारखान्यातून सवडच झाली नाही."

"मामंजींनी हे मला कधी सांगितलं नाही." धाकटी म्हणाली. बादल्या वाहिल्याचं काही नाही. हे सांगितलं नाही, तेच जास्त लागलं.

"तू बसून ऐकतेस कधी? तुला फेकायची घाई."

तोलून झालेला मासा परत सोडायचा, हा तळ्याचा नियम. दोघींनी तो काठच्या पाण्यात धरला. शेपटी हलली, तसा सोडला. थोरली हात न पुसताच बादली पालथी घालून तीवर बसली. हसू केव्हाच ओसरलं होतं.

"तुला वाटतं, म्हातारा माझ्या बाजूचा," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी मला ऐकवतो, 'धाकटीची फेक बघ. तळं ओलांडते. तुझं आपलं काठाकाठानं.' काठाकाठानं नाही तर काय करू? बाकड्यावर बसून बसून खांदा धरलाय, हात डोक्यावर जात नाही. तू काठी मागे नेतेस ना, तेव्हा मी दुसरीकडे बघते."

आपला कुणाला हेवा वाटत असेल, हे धाकटीच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

"एक मागू?" थोरली म्हणाली. तिचा आवाज प्रथमच टोचत नव्हता. "मका कुणी टाकला, ते मामंजींना सांगू नकोस. कळलं, तर म्हणतील, मासा धाकटीनंच धरला. मला पास हवाय गं. एवढं कर."