कृष्णेचे शिंपले

निवृत्तीनंतर बाबा रोज संध्याकाळी कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीमागच्या तळ्यावर फिरायला जात. सोबत त्यांचे मित्र असत, घड्याळ दुरुस्तीचं दुकान मुलाच्या हाती सोपवून मोकळे झालेले. त्यांना मी चाचा म्हणायचे. तळं कायम हिरवं, आणि उन्हाळ्यात वास मारायचं. बाबांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. शिंपले पाणी गाळतात असं कुठेतरी वाचलं आणि त्यांना राहवेना.

चाचांच्या बहिणीचं गाव कृष्णाकाठी. तिथून दोघं ओल्या गोणपाटात शिंपले घेऊन एसटीनं स्वारगेटला उतरले. मी न्यायला गेले होते. रिक्षावाल्यानं गोणपाटात डोकावून विचारलं, "खायला का?"

"तळं साफ करायला," बाबा म्हणाले.

"पुण्यात माणसं मिळेनात वाटतं."

पुढे दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाबा चिखलात शिंपले शोधत. मोठे सापडत, जिवंत. लहान एकही नाही. शेवटी त्यांनी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती म्हणाली, शिंपल्याचं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्याला चिकटून वाढतं, आणि त्याला कुठलाही मासा चालत नाही. आमच्या तळ्यात नुसते चिलापी मासे, ते त्याला चालणारे नव्हेत.

"मग ते मासेही आणू," चाचा म्हणाले.

 बाबा म्हणाले, "नको. हे वाढले असते तर या तळ्यातल्या गोगलगायींचं काय झालं असतं, तेही मला ठाऊक नाही. सापडतील तेवढे परत नेऊ."

चाचांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. काही शिंपले मिळाले, काहींची नुसती कवचं. त्या विद्यार्थिनीच्या सांगण्यावरून ते आधी स्वच्छ पाण्यात ठेवले, मग नदीवर नेले. मीही गेले. चाचांच्या बहिणीनं विचारलं, "पाहुण्यांना पुणं मानवलं नाही का?" आम्ही हसलो. बाबा वाकून एकेक शिंपला वाळूत उभा रोवत होते.

"यांना विचारलं कुठं होतं आपण," ते हळूच म्हणाले.

परतल्यावर दोघांनी तळ्याला पुरता वळसा घातला, झुडपांतूनसुद्धा. तिथे एक पाइप सापडला. आमच्याच सोसायटीचं सांडपाणी तळ्यात पडत होतं. पुढची कित्येक वर्षं बाबांनी प्रत्येक बैठकीत तो विषय काढला. लोक कंटाळले, पण पाइप वळवला गेला. पाणी अजून हिरवं असतं. खिडक्या मात्र आता उघड्या ठेवता येतात.