क्वार्टरबॅकपायी बोललेलं खोटं

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी शाळेचा हॉल बुक करायचं काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. ते दुसऱ्या कुणाला नको असतं, कारण त्यात फॉर्म भरायचे, विम्याचा कागद जोडायचा आणि कार्यक्रम संपल्यावर सगळ्या खुर्च्या होत्या तशा लावून द्यायच्या. त्यामुळे हॉलबद्दल मी जे सांगेन ते कमिटी मुकाट्याने मानते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी कमिटीला मेल पाठवली, "रविवार मिळत नाहीये. शनिवार आहे, तो पक्का करतो."

रविवार मिळत होता. शाळेच्या ऑफिसमधल्या बाईंनी मला दोन्ही दिवस दाखवले होते. पण त्या रविवारी दुपारी एक वाजता आमच्या टीमची मॅच होती, तीही जुन्या वैऱ्यांशी.

आमची टीम अमेरिकन फुटबॉलची. अमेरिकेत, पार्सिपनीत आलो तेव्हा ऑफिसात सोमवारी सकाळी सगळे एकाच विषयावर बोलायचे, आणि आपण गप्प बसून कॉफी प्यायची याचा कंटाळा येऊन मी हा खेळ बघायला लागलो. टीम निवडताना चौकशी केली असती तर आयुष्य वेगळं झालं असतं. जवळची म्हणून ही निवडली. तेव्हापासून ती हरते आहे आणि मी तिच्याबरोबर आहे. बायको म्हणते, "लग्नातसुद्धा तू इतका एकनिष्ठ नाहीस."

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की प्रत्येक डावात चेंडू आधी एका माणसाच्या हातात येतो. तो क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याने साधारण तीन सेकंदांत ठरवायचं असतं, आणि त्या तीन सेकंदांत समोरून चार-पाच धिप्पाड माणसं त्याला आडवा करायला धावत येत असतात. आमच्या टीमला असा माणूस कित्येक वर्षं मिळालेला नाही. एकाचा हात तोफेसारखा होता, पण तो समोरच्या टीमच्या हातात अचूक फेकायचा. एक चाळिशीला टेकलेला, दुसऱ्या टीमकडून वाजतगाजत आणलेला. पहिल्याच मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला. एक दिसायला फार चांगला होता. त्याच्याबद्दल आणखी काही आठवत नाही.

या प्रश्नावर माझं ठाम मत आहे, आणि ते मी चाहत्यांच्या एका वेबसाइटवर टोपणनावाने पुष्कळ लांबलचक लिहिलेलं आहे. पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस आहे मी. सिस्टिम कोसळली की आधी मूळ कारण शोधायचं, शेवटी ज्याने बटण दाबलं त्याला धरायचं नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं असतं. माझं म्हणणं असं, की दोष क्वार्टरबॅकचा नाहीच. त्याच्या पुढ्यात उभं राहून धावून येणाऱ्यांना अडवणारे जे पाच जाडजूड गडी असतात, ते आमचे कच्चे आहेत. दर वर्षी नवा तारणहार विकत आणण्यापेक्षा त्या पाचांवर खर्च करा. नव्या पोराला वर्षभर कडेला बसवून खेळ बघू द्या. मग त्याला दोन पूर्ण सीझन द्या, आणि दोन मॅच हरल्या म्हणून त्याला बाहेर ओढू नका.

त्या वर्षी आमच्याकडे असा एक नवा पोरगा आला होता. तेव्हा खेळणारा म्हातारा क्वार्टरबॅक नोव्हेंबरपर्यंत टिकणार नाही आणि त्या रविवारच्या सुमाराला कोच या पोराला उतरवणार, असा हिशेब मी ऑगस्टमध्येच मांडला होता. त्याचा पहिला खेळ मला बघायचा होता. पोराला घाई करू नका असं जगाला सांगणारा मी, माझी घाई मात्र एवढी होती.

आता यात बायको कुठे येते ते सांगतो.

त्या दिवाळीसाठी तिने एकांकिका लिहिली होती. लग्नाआधी ती नाटकं करायची. इथे आल्यावर नोकरी, मुलगी, पुन्हा नोकरी यात ते अठरा वर्षं राहून गेलं. मुलगी कॉलेजला गेली आणि हिने वही काढली. एकांकिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेला एक बाप आहे. मुलगा-सून दिवसभर कामावर, आणि हा घरात एकटा. फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म ओरडतो. घरात आपल्याला उत्तर देणारं तेवढं एकच आहे म्हणून हा हळूहळू त्या अलार्मशी बोलायला लागतो. चाळीस मिनिटं जवळजवळ एकच माणूस बोलतो. त्या भूमिकेसाठी तिला हवा तसा माणूस आमच्यात एकच होता. तो हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो, आणि कॉलेजात असताना त्याने नाटकाच्या स्पर्धा गाजवलेल्या आहेत. शनिवारी त्याची ड्यूटी असते, पण एका सहकाऱ्याशी दिवस बदलून त्याने ते जमवलं होतं.

कार्यक्रमाला तीन आठवडे उरले असताना एकाच दिवशी दोन बातम्या आल्या. सकाळी कोचने जाहीर केलं, की त्या रविवारपासून नवा पोरगा खेळणार. माझा हिशेब बरोबर निघाला म्हणून मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून टाळी वाजवली. संध्याकाळी फार्मसीवाल्याचा फोन आला. दिवस बदलून देणाऱ्या सहकाऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. शनिवारी सुट्टी अशक्य.

फोन ठेवून बायको किचनच्या टेबलाशी बसली. मी लसूण सोलत होतो.

"रविवारी हॉल मिळाला असता तर काही प्रश्नच नव्हता," ती म्हणाली. "तुझ्या त्या ऑफिसवाल्या बाई पण ना!"

मी सोललेली पाकळी पुन्हा सोलायला लागलो.

"बरं, तू रोज टीव्हीला सल्ले देतोस, आज मला दे. माझा क्वार्टरबॅक गेला. दोन पर्याय आहेत. एक, मंडळातले आपले काका. आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो, पण मधली दोन पानं गाळतात आणि ते त्यांना कळतही नाही. दुसरा तो गेल्या वर्षी पुण्याहून आलेला. सगळं पाठ करेल, पण बातम्या वाचल्यासारखं म्हणेल. बोल, कोच."

मी काय करावं? कबूल करावं की नाही? मी भाषण दिलं. प्रश्न नटाचा नसतो, म्हणालो. त्याच्या आजूबाजूला भक्कम माणसं हवीत. सुनेचं काम करणारी, मुलाचं काम करणारा, प्रकाशयोजना...

"म्हणजे मी आता पाच जाडजूड माणसं शोधू?" ती म्हणाली. "तसा एक घरात आहे."

ती हसली, मग वही पुढे ओढून काकांसाठी वाक्यं छोटी करायला लागली. अठरा वर्षांनी लिहिलेली वाक्यं ती एकेक करून खोडत होती. मला ते बघवेना.

एक गल्ली सोडून पलीकडे माझा एक नागपूरचा मित्र राहतो. तो याच टीमचा चाहता. मी त्याच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याची बायको वरून बघायला आली.

"तू तं गेला, भाऊ," तो म्हणाला. "लोक बाईपायी खोटं बोलतात, तू त्या पोट्ट्यापायी बोलला? तो पोट्टा पहिल्याच डावात तोंडावर पडन."

"नाही पडणार. पुढचे पाचजण जरा सुधारलेत."

"अरे, तू कबुली द्यायला आला का मॅच सांगायला? वहिनींना सांगतो का मी सांगू?"

दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये मी शाळेच्या ऑफिसात गेलो. मनातून मला वाटत होतं, की रविवार आता दुसऱ्या कुणीतरी घेतलेला असावा. मग मी फक्त खोटा ठरलो असतो, मॅच तरी गेली नसती. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं.

"रविवार? मोकळाच आहे की. ऑगस्टमध्ये तुम्हीच नको म्हणाला होतात ना?"

मी रविवारचा फॉर्म भरला. शनिवारचा रद्द केला.

घरी जाऊन बायकोला उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर धीर झाला नसता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ऑगस्टपासून?"

"हो."

"म्हणजे मी तालमी ठरवत होते, त्याची ड्यूटी कशी जमेल म्हणून त्याच्या बायकोला दहा वेळा फोन करत होते, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

ती वही काढून खोडलेली वाक्यं पुन्हा लिहायला बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप समोर ठेवून म्हणाली, "खोट्याचा राग आहेच. पण खरं सांगू? मी इतक्या वर्षांनी काहीतरी करत होते, आणि तू मला दुसऱ्या नंबरवर ठेवलंस. आणि पहिल्या नंबरवर कोण, तर शेवटून दुसरी आलेली टीम. निदान जिंकणारी तरी बघायची होतीस."

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, दॅट इज सो बॅड," आणि मग दबक्या आवाजात, "बट इज ही स्टार्टिंग? तोच उतरणार ना?"

तारीख बदलायची तर कमिटीला कारण सांगणं भाग होतं. शाळेची चूक झाली असं लिहिता आलं असतं. तशी मेल मी लिहिलीही होती. मग त्या ऑफिसातल्या बाईंचा चेहरा आठवला आणि ती पुसली. शेवटी पाच ओळींत खरं काय ते लिहिलं आणि दोन वाक्यांत माफी मागितली. पुढचे चार दिवस मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप कधी नव्हता एवढा जागा होता. एकाने विचारलं, पुढच्या वर्षी संक्रांतही टीमच्या सोयीने ठेवायची का. एक काकू, ज्या सहसा फक्त फुलांचे फोटो टाकतात, त्यांनी लिहिलं, "पण तो पोरगा खेळतो तरी बरा का?" जेवण देणारा रविवारी यायला तयार झाला, पण वडे तळायला माणसं कमी पडतील म्हणाला. कमिटीने एकमताने माझी नेमणूक केली.

रविवारी सकाळी मी वडे तळले. दुपारी बायकोने माझा फोन मागून घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि मला विंगेत संहिता देऊन उभं केलं. "तू प्रॉम्प्टर. बोट ओळीवर ठेवायचं. तुला एवढंच करायचंय."

पडदा एक वाजता उघडला. बरोबर एक वाजता.

फार्मसीवाला फार सुंदर करत होता. मी ती वाक्यं घरात शंभरदा ऐकलेली, तरी मला ती नवी वाटत होती. लोक हसले, मग हळूहळू हसायचे थांबले. तिसाव्या मिनिटाला तो बाप ताटं मांडतो, तीन ताटं, आणि खुर्चीवर चढून अलार्मकडे बघतो. सगळा हॉल गप्प होता. तेवढ्यात मागच्या रांगेतून एकदम चार-पाच पुरुषांचा आवाज उठला, "येस्स!"

त्यांच्या मांडीवर फोन होते. मला कळलं. त्या पोराने काहीतरी केलं होतं. माझ्या छातीत एकदम उसळी आली आणि मी मान वळवून तिकडे पाहिलं. क्षणभरच असेल.

परत वळलो तर स्टेजवर शांतता होती. नाटकातली नाही, दुसरी. तो खुर्चीवर उभा होता आणि त्याचे डोळे विंगेकडे, माझ्याकडे होते. तो विसरला होता. माझं बोट कागदावर होतं, पण ओळ कुठली ते सुचेना. पलीकडच्या विंगेत बायको उभी होती. तिने काही खूण केली नाही. नुसती बघत होती. एवढं घाबरून मी आयुष्यात काही वाचलं नसेल. एक ओळ, दुसरी ओळ, आणि सापडली.

"आज कोणीच जेवायला नाही का?" मी कुजबुजलो.

त्याने ते वाक्य उचललं, अलार्मकडे बघून म्हटलं, आणि ती लांबलेली शांतता लोकांना मुद्दामच ठेवलेली वाटली. समोरच्या रांगेतल्या काकू डोळे पुसत होत्या.

पडदा पडल्यावर टाळ्या बराच वेळ चालल्या. बायकोने सगळ्यांना स्टेजवर बोलावलं, मला नाही. ते योग्यच होतं. मी विंगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग ती आत आली, घामाने कपाळ चमकत होतं, आणि माझ्या हातातली संहिता घेऊन म्हणाली, "तो जिथे अडकला तिथे खूण कर. जानेवारीच्या शेवटी शेजारच्या राज्यातल्या मंडळाने बोलावलंय आपल्याला. रविवार आहे. प्रॉम्प्टर लागेल."

"येतो," मी म्हणालो, आणि खिशातून पेन काढलं.

जानेवारीच्या शेवटी फक्त जिंकत राहिलेल्या टीम उरतात, आमची त्यात कधीच नसते, त्यामुळे यात माझा फार मोठा त्याग होता असं नाही. हे तिलाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी ती तसं बोलली नाही, आणि मी खूण जरा ठळकच केली.