बंगल्याचं झाड सगळ्यांत शेवटी

आखातातल्या दुखानच्या स्टाफ कॉलनीत कार्मिन तुस्कानोबद्दल एक बोलवा आहे. क्लिनिकमधली ही सिस्टर म्हणे ड्युटीवरून येताना पर्समधून ब्लीचची बाटली आणायची आणि वॉल्टर लोपीसच्या झाडांच्या मुळाशी ओतायची. म्हणून त्याची झाडं गेली.

साफ खोटं. कार्मिनने वॉल्टरची झाडं भर सकाळी, सगळ्यांच्या देखत पाडली आणि दोर ओढला खुद्द वॉल्टरने. विष घालणारी माणसं घाईची असतात. कार्मिनला घाई नव्हती.

कॉलनीतल्या वसईकरांनी एक पद्धत पाडली होती: मुलाचा बाप्तिस्मा झाला की क्लबहाउसमागच्या पट्ट्यात इराणी पाइनचं एक रोप लावायचं. कंपनीचं ठिबक होतंच, वाऱ्याला आडोसा व्हायचा आणि नाताळात दिवे सोडायला आयतं झाड मिळायचं. एलिशाच्या बाप्तिस्म्याला कार्मिननेही लावलं. वॉल्टरला मुलगा एकच, ॲड्रियन. पण गार्डन कमिटीचा अध्यक्ष तोच, आणि हौस दांडगी. प्रमोशन झालं, लाव झाड. पुन्हा प्रमोशन, पुन्हा झाड. लँड क्रूझर घेतली त्याचं एक. वसईला बंगला बांधला त्याचं एक. चारही झाडं एलिशाच्या झाडाभोवती, हाताच्या अंतरावर, कारण नळी तिथून जवळ.

कार्मिनने तक्रार केली, तेव्हा वॉल्टरने उत्तर राखून ठेवलं आणि नाताळच्या पार्टीत माइकवर दिलं. त्याचा व्हिडिओ कॉलनीत अजून फिरतो. "ॲक्च्युअली काय आहे," घसा खाकरून, पोटावर हात ठेवून, "कार्मिनचं झाड जरा लाजाळू आहे. एकटं उभं राहायला घाबरतं. म्हटलं, आपण थोडी कंपनी देऊ."

हॉल खदखदून हसला. पाच वर्षांची एलिशाही हसली. कार्मिनने त्या दिवशी केक खाल्ला नाही, आणि विसरली तर मुळीच नाही.

पुढे सगळी झाडं दाटली. ऊन वरच, म्हणून जो तो वर पळत सुटला. खालच्या फांद्या अंधारात वाळल्या, खोडं काठीसारखी राहिली, टोकाला तेवढा हिरवा झुबका. एलिशाचं झाड तर उलटी धरलेली केरसुणी. मग एका उन्हाळ्यात अख्खा पट्टा पिवळा पडला. कंपनीने कळवलं, पाणी वाढणार नाही, झाडं कमी करा.

मीटिंगमध्ये वॉल्टर म्हणाला, "सिंपल आहे. बारीक असेल ते काढू. एलिशाचं आहे, आणखी एक-दोन असतील."

कार्मिन उठली. "मुलांची झाडं ठेवू. प्रमोशनची काढू."

प्रमोशनची झाडं असलेला माणूस हॉलमध्ये एकच होता. त्याच्याच बायकोचा, जोस्लीनचा हात सगळ्यांत आधी वर गेला, मग सगळ्यांचेच गेले. वॉल्टर हसला, पण ओठांनीच. "ठीक आहे. मग चारही एकदम काढ ना. खलास."

थंडीत कंपनीचा माळी रहमान करवत घेऊन आला. बघायला गर्दी. कार्मिन चारही तोडणार, यावर कुणाचं दुमत नव्हतं. तिने आपल्या झाडाला तळहाताने हलकेच ढकललं. झाड कललं, आणि बंगल्याच्या झाडाला टेकून थांबलं.

ती तशीच उभी राहिली. इतकी वर्षं तिचं झाड शत्रूच्या खांद्यावर रेलून उभं होतं. चारही काढली तर पहिल्याच शमालमध्ये, त्या वायव्येच्या वादळी वाऱ्यात, आडवं होणार. आणि ते बघायला वॉल्टर पहिल्या रांगेत.

"टाके एकदम काढत नाहीत, वॉल्टर," ती म्हणाली. "आधी एकाआड एक. नाहीतर जखम उघडते. एका थंडीला एक झाड."

"म्हणजे चार वर्षं?"

"तुम्ही कुठे निघालात?"

दोर धरायला तिने त्यालाच पुढे केलं. अध्यक्षांशिवाय कसं चालेल? पहिल्या थंडीत पहिलं प्रमोशन गेलं, दुसऱ्या थंडीत दुसरं, मग लँड क्रूझर. बंगल्याचं झाड वाऱ्याच्या बाजूचं, म्हणून त्याला राखावं लागलं. तिचा सगळ्यात जास्त राग त्याच्यावरच. येता-जाता त्याला म्हणायची, "तू थांब."

पहिलं वर्ष वर काहीच दिसलं नाही. वाळलेल्या फांद्या वाळलेल्याच राहिल्या, पण नव्या वाळायच्या थांबल्या. कार्मिन दोन्ही हातांचा विळखा खोडाला घालून बघायची. आधी बोटं एकमेकांवर चढायची, मग नुसती टेकायची, मग टेकेनात. जमिनीवर ऊन उतरलं. शेजारचं ॲड्रियनचं झाडही अंगाने भरलं आणि वॉल्टर सांगत सुटला, "बघ, माझ्या देखरेखीचा फरक." कार्मिनला तो दिवस कडू गेला.

चौथ्या थंडीत बंगला पडला. आवाज झाला तेव्हा ती डोळे मिटून ऐकत होती.

जूनमध्ये शमाल आला. क्लबहाउसचा पत्रा उडाला, बास्केटबॉलचा खांब वाकला. कार्मिन क्लिनिकमध्ये अडकलेली, डोळ्यांत वाळू गेलेल्यांची रांग संपेना. एलिशाचा फोन आला. "मम्मी, इट्स स्टँडिंग. हलतंय खूप. बट नोबडी इज होल्डिंग इट."

कार्मिनने फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला म्हणाली, "यल्ला, चल, डोळा उघड."

आता एका पैजेचं. कॉलनीत कुणाच्याही आवाजाची नक्कल करणाऱ्या प्रस्तुत लेखकाने पहिलं झाड पडलं त्या दिवशीच पैज लावली होती, "आंटी, बंगला पडला की पहिल्या शमालमध्ये तुमचं झाड आडवं."

"हरलास तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

नाताळला आंटींनी त्याच्या हातात माइक दिला. "वॉल्टरच्या आवाजात. तेच वाक्य. एक शब्द बदलायचा नाही."

वॉल्टर पहिल्या रांगेत होता. प्रस्तुत लेखकाने घसा खाकरला, पोटावर हात ठेवला. "ॲक्च्युअली काय आहे, कार्मिनचं झाड जरा लाजाळू आहे. एकटं उभं राहायला घाबरतं..."

खिडकीबाहेर दिव्यांनी लखलखलेलं ते झाड कुणालाही न टेकता एकटंच उभं होतं. हॉल आधी खिडकीकडे वळला, मग वॉल्टरकडे, आणि मग हसायला लागला. ॲड्रियनही हसला.

कार्मिन आंटी हसल्या नाहीत. केकचा तुकडा उचलत म्हणाल्या, "अजून एकदा. मागच्यांना ऐकू आलं नाही."