घमेल्यातलं नितळ पाणी

आधीच सांगते, जेवता जेवता वाचत असाल तर ताट बाजूला ठेवा, नाहीतर हे तरी बाजूला ठेवा. मला झाकून सांगता येत नाही. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं वाचन सगळं वाण्याच्या पुड्यांवरचं, तेव्हा सभ्यपणा बेताचाच.

आमच्या ह्यांच्या उजव्या टाचेला जखम आहे. तळोज्याच्या केमिकल कारखान्यात पाळ्या करण्यात उमेदीची वर्षं गेली, मग शुगर निघाली, पायाची जाणीवच गेली. चपलेचा खिळा वर आला होता तो दिवसभर टोचत राहिला, ह्यांना पत्ता नाही. आता तिथे खड्डा आहे. पट्टी मीच बदलते. पू असतो, वास असतो. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, “काकू, काय हो तुमचं प्रेम! तुम्हाला किळस येत नाही?”

येते की! रोज येते. तोंडात वेलदोडा धरते आणि करते. किळस येत नाही म्हणणाऱ्यानं ते काम कधी केलेलं नसतं, लिहून घ्या.

आता आमच्या चर्चमधली गोष्ट. ख्रिस्तानं मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले. गुरू असून कमरेला पंचा गुंडाळला आणि गुलामासारखा खाली बसला. त्याला कोणी भरीला घातलं नव्हतं. दगा देणारा समोर बसलाय हे माहीत होतं, त्याचेही धुतले. दुसऱ्या दिवशी क्रुसावर गेला तोही असाच, आपण होऊन. मला विचाराल तर पाय धुणं आणि जीव देणं ही एकच गोष्ट, एक आज केली, एक उद्या.

त्याची आठवण म्हणून आज्ञागुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, मिस्साच्या उपासनेत फादर बारा जणांना खुर्च्यांवर बसवून त्यांचे पाय धुतात. आणि आमची माणसं काय करतात? घरून पाय धुऊन येतात! दगडानं टाचा घासून, क्रीम लावून, नवे मोजे घालून. का, तर फादरना घाण लागू नये. घमेलं, पंचे आणि कोमट पाणी माझ्याकडे असतं, म्हणून मला ठाऊक. विधी झाल्यावर पाणी इतकं नितळ असतं की त्यात तांदूळ धुवावेत.

बारा जण चिठ्ठ्या टाकून निवडतात. ह्यांचं नाव इतकी वर्षं कधी निघालं नाही, यंदा निघालं. काय आनंद झाला माणसाला! मासळी बाजारात कोळणीलासुद्धा सांगून आले. मला म्हणाले, “येशूनं माझा पाय धरला असता तर त्याच्या त्या एका शिष्यासारखं मीही आधी नको म्हटलं असतं. पण धरला असता ना गं त्यानं?”

“धरला असता,” मी म्हटलं.

आठवडाभरानं चर्च कमिटीचे सेक्रेटरी घरी आले. चहा घेतला, दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, तिसरं हातात धरून म्हणाले, “काका, यंदा मिस्सा मोबाईलवर लाइव्ह जाणार. गल्फमधली आपली मंडळी बघणार. तुमचा पाय जरा... समजून घ्या. प्रभूनं आपल्यासाठी प्राण दिला, तुम्ही एक खुर्ची द्या.”

मला ओकारी आली. पायाच्या वासानं आली नव्हती इतकी.

“त्याग माझ्या नवऱ्याचा आणि सोय तुमची?” मी विचारलं. “ख्रिस्ताला काय कमिटीनं घरी येऊन सांगितलं होतं, की जा बाबा, चढ क्रुसावर?”

“काकू, तुम्ही चिडता.”

“चिडत नाही, मला शिसारी येते.”

पण हे म्हणाले, “जाऊ दे गं. माझा पाय लोकांनी कशाला बघावा?”

“बघू नयेच. धुवावा.”

ह्यांनी खुर्ची सोडली. गुरुवारी त्या खुर्चीत उलव्याला नवा फ्लॅट घेतलेले एक गृहस्थ बसले, पाय असे की उकडलेल्या कोळंबीसारखे गुलाबी. हे सगळ्यात मागच्या बाकावर, पांढरा मोजा घालून. मोज्याला पिवळा डाग फुटला होता. तेवढ्यात सेक्रेटरींनी माईक घेतला. “आपल्या एका बांधवानं आज स्वखुशीनं आपली जागा दिली. हेच खरं ख्रिस्ती प्रेम!” टाळ्या झाल्या. हे मान खाली घालून मोज्याकडे बघत राहिले. स्वखुशीनं! माणसाच्या हातातला घास काढून घ्यायचा आणि वर त्याला दानशूर म्हणायचं!

फादरनी बाराही जणांचे पाय धुतले. घमेलं बाहेर न्यायचं काम माझं. मी ते घेऊन निघाले आणि मागच्या बाकापाशी थांबले. घमेलं खाली ठेवून मोठ्यानं म्हटलं, “फादर, हे पाणी बघा. यात काही धुतलंय असं वाटतं का?”

फादर तरुण, नुकतेच आलेले. त्यांना बिचाऱ्यांना खुर्चीची भानगड ठाऊकच नव्हती. चालत आले, ह्यांच्याकडे पाहिलं, मोज्याकडे पाहिलं.

ह्यांनी पाय मागे घेतला, म्हणाले, “राहू द्या फादर, घाण आहे.”

फादर खाली बसले. मी बाजूला बसून पट्टी सोडली, पिशवीतली उकळून निवलेल्या पाण्याची बाटली आणि स्वच्छ कापड त्यांना दिलं. वास पसरला. पुढच्या बाकांवर पदर नाकाला गेले. फादरना हुंदका यावा तसा उमासा आला, तोंडावर हात धरून ते दाराबाहेर गेले. मला वाटलं, संपलं.

ते परत आले. तोंड धुऊन आले होते. टाच हातात धरली आणि सावकाश पाणी सोडलं. मी पुटपुटले, “वेलदोडा देऊ?” त्यांनी नुसतं तोंड उघडलं.

हे टक लावून बघत होते. जाणीव नाही ना पायाला. मला विचारलं, “पाणी गार आहे का गं?”

“कोमट आहे,” मी खोटं बोलले.

घमेल्यातलं पाणी आता गढूळ झालं होतं. आणि बघते तर सेक्रेटरी मोबाईल रोखून उभे! त्यांना आता हाच पाय लाइव्ह हवा होता.

“तो ठेवा खिशात,” मी म्हटलं, “आणि घमेलं बाहेर ओतून या.”

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणी उठलं नाही. मग दोन्ही हात लांब करून, तोंड फिरवून, ते घमेलं घेऊन निघाले. तेही मी सांगितल्यावर. आपण होऊन नाही.