बिनआवाजाची आठवी

तिरुपूरच्या ज्या कारखान्यात मी बनियन तपासते तिथं दिवसभर मशिनांचा आवाज असतो. आजूबाजूच्या बायका तमिळ, उडिया, हिंदी असलं काही काही बोलतात. त्याचा मला त्रास नाही, आवाजातच मी वाढले. त्रास होतो तो संध्याकाळी, होस्टेलवर सगळं शांत झालं की. मग मी दाराची कडी बघते, फोन चार्जिंगला लागलाय का बघते, घरून फोन येऊन गेला नाही ना ते बघते, परत कडी बघते. आणि मग कधीकधी शाळा आठवते. माझं हायस्कूल म्हणजे एकच वर्ष, आठवीचं. आठवायला फार वेळ लागत नाही.

सोलापुरात भवानी पेठेत आमची एक खोली होती आणि तिच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा शेड. नायना, म्हणजे माझे वडील, त्याच शेडमध्ये टॉवेल विणायचे. मागावरची माणसं काम चालू असताना आवाज काढून बोलत नाहीत, काढून उपयोगच नसतो. ओठ मोठे हलवायचे आणि समोरच्यानं बघायचं. सूत संपलं, चहा आला, मालक आला, सगळं चार मागांपलीकडून कळतं. आमच्या गल्लीतल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही. घरी आम्ही तेलुगू बोलायचो, बाहेर मराठी, पण ओठ मी कुठलेही वाचायची.

सातवीच्या उन्हाळ्यात नायनांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि आवाज गेला. ओठ एका बाजूनं हलायचे तेवढेच. ते काय म्हणतात ते अम्माला थोडंफार कळायचं, मला जवळजवळ सगळं. त्यांच्यापाशी सारखं कुणीतरी बसावं लागे. धाकटा भाऊ तेव्हा पहिलीत. अम्माला टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायचं काम मिळालं, दुपारच्या पाळीत. सकाळच्या पाळीची मशिनं आधीच्या बायकांकडं होती. आणि माझ्या हायस्कुलात आठवीचे वर्ग सकाळी भरत. सकाळी अम्मा घरी, दुपारी मी. दारात आम्ही एकमेकींच्या शेजारून जायचो. ती म्हणायची, "पाणी पाजलंय," मी म्हणायची, "बरं." हे छान जमलंय असंच मला वाटत होतं. पुढच्या वर्षाचा विचार मी केलाच नाही. नववीचे वर्ग दुपारी भरतात हे शाळेतल्या प्रत्येक पोरीला माहीत होतं, मलापण.

जूनमध्ये खेळाच्या बाईंनी खो-खोसाठी मुली निवडल्या. त्यात मी होते. सराव शाळेच्या आधी, अगदी सकाळी. घरी विचारलं तर अम्मा लगेच म्हणाली, "जा." मला नवल वाटलं. सातवीच्या सहलीला हिनं नाही म्हणजे नाही सोडलं होतं.

टीमची कॅप्टन रिक्षावाल्याची मुलगी होती. घरी दखनी बोलणारी, सगळ्यांवर ओरडणारी. दुसरी जवळची म्हणजे मंद्रूप गावची. ती रोज एस.टी.नं यायची, घरात कन्नड बोलायची आणि डब्यात कायम कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणायची. आम्ही तिची भाकरी पळवायचो. तीपण म्हणायची, "घ्या की, दात पडतील तुमचे, माझं काय जातंय."

गणिताचे सर फळ्यावर उदाहरण घालायचे आणि सोडवायला आम्हाला द्यायचे. पण स्वतः फळ्याच्या कडेला उभं राहून ते मनात सोडवत असायचे आणि त्यांचे ओठ हलायचे. मी शेवटच्या बाकावरून उत्तर वाचायची. पहिल्या घटक चाचणीपर्यंत वर्गाला मी हुशार वाटले. चाचणीच्या वेळी सर ओठ मिटून वर्तमानपत्र वाचत बसले आणि माझा निकाल लागला. कॅप्टननं माझी मान धरली.

"अगे, फिर वर्गात कैसा आता तुझकू?"

मी सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की आठवड्याभरात सगळी टीम बिनआवाजाचं बोलायला शिकायला लागली. गणिताच्या तासाला एकीनं ओठ हलवायचे, दुसरीनं ओळखायचं. मंद्रूपची फार वाईट वाचायची. "भूक लागली" म्हटलं की ती घड्याळ बघायची. पण मैदानावर उपयोग झाला. समोरची टीम ओरडून ठरवायची आणि आम्ही गप्प राहून. बाईंना वाटायचं, आमच्या पोरी लई शिस्तीच्या.

गणितही मग मी खरंखुरं शिकले. दुपारी नायनांच्या खाटेशी बसून उदाहरणं सोडवायची. ते कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत. चुकलं की माझ्या आधी त्यांना कळायचं, कारण म्हणे मी ओठ चावते.

दिवाळीनंतर शहरातल्या शाळांच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत गेलो. सामना सुट्टीच्या दिवशी होता. शेजारची अक्का नायनांपाशी बसली आणि अम्मा पहिल्यांदा माझा खेळ बघायला आली, डोक्यावर पदर घेऊन, हातात पाण्याची बाटली.

खो-खोत आठ जणी मधल्या रेषेवर बसतात. एकीचं तोंड इकडं तर शेजारचीचं तिकडं. नववी पळत असते. ती मागून येऊन पाठीवर थाप मारून "खो" म्हणाली की बसलेलीनं उठून पळायचं. त्या डावात माझं तोंड ज्या बाजूला आलं, त्याच बाजूला कडेला अम्मा उभी होती. तिच्याजवळ खेळाच्या बाई आल्या. एक चौकोन पुढं-मागं बसले असते तर मला दुसऱ्या बाजूची भिंत दिसली असती.

बाई म्हणाल्या, "पोरगी फार चपळ आहे. पुढच्या वर्षी मी हिला जिल्ह्याला नेणार."

अम्माचं मराठी मोडकं. ती म्हणाली, "पुढचा वर्ष नाही बाई. आठवी झाला की बास. नववी दुपारी असते ना. ह्याचा बापाजवळ कोण?"

"तिला माहितीय?"

"नाही. हा एक वर्ष खेळू दे म्हटलं. तुम्ही सांगू नका."

मैदानावर एवढा गोंगाट होता की त्यातलं काहीच ऐकू येणं शक्य नव्हतं. मला शब्द न् शब्द दिसला. तेवढ्यात पाठीवर थाप पडली. मी उठले आणि पळाले, अम्माच्याच दिशेनं. समोरच्या पोरीची वेणी हाताला लागली, मग खांदा. शिट्टी वाजली. अम्मा टाळ्या वाजवत होती. आम्ही तो सामना जिंकलो असं सगळ्या सांगतात, फोटोही आहे. मला त्यातली फक्त बाटली आठवते. मी ती तोंडाला लावली आणि पाणी गरम होतं.

काही दिवस मी स्वतःला सांगत राहिले की वाचण्यात चूक झाली असेल. पण मग परवानग्या मोजल्यासारख्या दिसायला लागल्या. कॅप्टनच्या वाढदिवसाला तिच्या गच्चीवर पार्टी होती, केक, वेफर्स, स्पीकर. "जा," अम्मा म्हणाली. "तो निळा ड्रेस घाल." गॅदरिंगच्या नाचासाठी शाळेनंतर थांबायचं होतं. "थांब, मी करते काहीतरी." प्रत्येक वेळी ती हो म्हणायची. नाही म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. मी गेले सगळीकडं. निळा ड्रेस घातला, नाचले, केक तोंडाला फासून घेतला. बाहेरून बघणाऱ्याला मी मजेतच दिसत असणार.

जानेवारीत मंद्रूपच्या मैत्रिणीनं टीमला शेतावर हुरडा खायला बोलावलं. बाईपण येणार होत्या. पूर्ण दिवस जाणार होता, म्हणून मी घरी विषयच काढला नाही. अम्माला बाईंकडून कळलं. तिनं त्या दिवशी कामाचा खाडा केला. तोवर तिनं कधी खाडा केला नव्हता, तापातसुद्धा.

शेतात आगटी पेटवली होती. मैत्रिणीची आई ज्वारीची हिरवी कणसं राखेत भाजून, हातावर चोळून गरम दाणे आमच्या ओंजळीत टाकत होती. "तिन्नु, तिन्नु," म्हणायची, म्हणजे खा, खा. बाई विहिरीकडं गेल्या तशी कॅप्टन माझ्या शेजारी येऊन बसली.

"तू नववीला नाय येणार?"

"कुणी सांगितलं?"

"बाई बोल्या, तिच्या जागेला पोरगी बघून ठेव. मैं पूछी, कायकू? तो बोल दिए."

आगटीभोवतीच्या सगळ्यांनी ते ऐकलं. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. तिथंच योजना ठरली. हिला सोडून आपण आठ जणी हाय, दिवस सहा. रोज एकीनं दुपारी माझ्या घरी नायनांपाशी बसायचं. कॅप्टन म्हणाली, खो देतो तसं. आज तू, उद्या ती. सोमवार कुणाचा, मंगळवार कुणाचा, इथपर्यंत वाटून झालं. मंद्रूपचीनं शनिवार घेतला. हातातला हुरडा संपवून ती म्हणाली, "पण अगं, दुपारी शाळा आपलीबी असती की."

कॅप्टनला हसू फुटलं. "इसकी अक्कल देखो, सगळा हुरडा खाऊन झाल्यावर आली!" सगळ्या हसल्या, मीपण. हसता हसता मंद्रूपची रडायला लागली तर तिलाच धपाटे पडले.

"तुझ्या अम्मीला बोल ना काहीतरी," कॅप्टन नंतर हळूच म्हणाली.

"तिला वाटतंय मला माहीत नाही."

"तो बता दे ना."

"सांगितलं तर ती मला कुठं पाठवताना अशी हौसेनं 'जा' नाही म्हणणार."

कॅप्टननं हातातला हुरडा माझ्या ओंजळीत ओतला आणि दुसऱ्या पोरींवर ओरडायला गेली.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. मी अभ्यास नेटानं केला. कशासाठी, ते सांगता येणार नाही. हाताला सवय लागली होती एवढंच. बीजगणितात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. सरांनी पेपर देताना पाठीवर थाप मारली आणि माझे पाय उठायला निघाले.

अम्मानं मे महिन्यात सांगितलं. शेड बंद होता, त्यामुळे खोलीत शांतता होती. ती घड्या घातलेले कपडे पुन्हा उलगडून घड्या घालत होती, भिंतीकडं तोंड करून.

"नववी दुपारी असते," ती म्हणाली. "मी सकाळची पाळी मागून बघितली. दोनदा मागितली. नाही मिळाली."

मी नायनांकडं बघितलं. त्यांचे ओठ डावीकडून हलले. हिला आधीपासून माहितीय, ते म्हणाले. खेळून आली त्या दिवसापासून.

दुपारभर माझ्याच तोंडाकडं बघत असायचे ते. मी मान हलवली, नका सांगू. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. अम्माची पाठ होती, तिला यातलं काही दिसलं नाही.

"बरं," मी म्हटलं.

तिनं वळून बघितलं. "रडत का नाहीस गं?"

"भूक लागली," म्हटलं. तिनं लगेच उठून भात टाकला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी दुपारी मी नायनांना भरवत होते. शेजारचे माग चालू होते. नायना दाराकडं बघून म्हणाले, बाहेर बघ. गल्लीच्या तोंडाशी माझी टीम उभी होती, नववीची नवी पुस्तकं घेऊन. शाळेचा रस्ता आमच्या गल्लीवरून नाही, त्या वाट वाकडी करून आल्या होत्या. आवाजात हाक मारून उपयोग नाही हे त्यांना माहीत होतं. कॅप्टननं ओठ मोठे हलवले.

तुझ्या जागी नवी घेतली. लई हळू उठती.

मी उंबऱ्यातूनच म्हटलं, शिकवा तिला.

मंद्रूपची काहीतरी म्हणाली, पण ती वाचण्यात जेवढी वाईट तेवढीच बोलण्यात. मला वाटतं ती म्हणाली, शाळा सुटली की येतो. त्या आल्या. दिवाळीपर्यंत येत राहिल्या, पुढं पुढं कमी. त्याचं मला काही वाटत नाही, त्यांच्यापुढं दहावी होती.

नायना पाच वर्षांनी गेले. भाऊ आता कॉलेजला आहे, मी इथं. अम्माचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा तिच्या मागं माग चालू असतात आणि इकडं माझ्या खोलीतल्या पोरी झोपलेल्या असतात, म्हणून मी आवाज बंदच ठेवते. ती अजून तशीच विचारते, सुट्टीला पोरी कुठं फिरायला जातायत का? जा, जा, म्हणते. आणि मी जाते. त्या एका वर्षाच्या परवानग्यांबद्दल मी तिला काही बोललेले नाही. तिनं दोनदा सकाळची पाळी मागितली होती. फोन ठेवताना मी ओठ मोठे करून म्हणते, जेवून घे. तिला ते बरोबर कळतं.