भावकीची डॉक्टर

बेगाइमबद्दल काही लिहावं इतकी माझी तिची ओळख होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, बाजाराच्या रस्त्याकडे दार असलेल्या, काही वर्षं लोकांचे दात बघत होती. तिची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एक भिंत. मशीनचा आवाज यायचा, पेशंटचं कण्हणं यायचं. ती स्वतः इतकं हळू बोलायची की तिचं बोलणं भिंतीपलीकडून कधी आलंच नाही. तिला मनातून काय हवं होतं हे मी कधी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

परवा चहाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, "जुमाकादिरच्या भावकीने त्या पोरीच्या शिक्षणात एवढं घातलं, निघालं काय त्यातून? घोड्या राखल्या असत्या तर आज कळप झाला असता." सगळे हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्याच घरात होती ना हो? तुम्हीच सांगा, फिटला का खर्च?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. चहा संपवला आणि घरी आलो. तिथे सांगता आलं नाही ते इथे जमतंय का बघतो.

बेगाइम आमच्या आत-बाशी गावाच्या वरच्या अंगाच्या खेड्यातली. वडील लवकर गेले. आई कालिपा, दोन गायी, थोड्या मेंढ्या. पोरगी हुशार. बिश्केकला दातांच्या डॉक्टरकीला नंबर लागला, पण फी भरायच्या जागेवर. कालिपा म्हणाली, "एवढं आपल्याला झेपायचं नाही. जवळ नारीन शहरात नर्सचा कोर्स कर, लवकर कमावती होशील." बेगाइम बरं म्हणाली होती. तेवढ्यात तिचे थोरले काका जुमाकादिर मध्ये पडले.

जुमाकादिर म्हणजे त्या भावकीतला शेवटचा शब्द. त्यांची बायको जबड्याच्या दुखण्याने गेली. सुजलेला गाल धरून ती शहरातल्या एका दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून होती आणि ज्यांची आत ओळख होती ते तिच्या पुढून जात राहिले. हे ते कुणाला सांगत नसत. मला सांगितलं, तेही एकदाच, खोलीत खुर्ची बसवताना.

त्यांनी सगळ्या घरांना बोलावलं. लग्न असलं किंवा मयत झालं की आमच्यात घरटी काहीतरी घालतात, तसंच पोरीच्या फीसाठी घालायचं ठरलं. कुणी घोडी घातली, कुणी दोन मेंढ्या, एका आत्याने कानातले काढून दिले. मॉस्कोत बांधकामावर असलेला एक चुलतभाऊ दर शरदात पैसे पाठवू लागला. पोरगी पहिल्या वर्षाला होती तेव्हापासूनच सगळे तिला 'आमची डॉक्टर' म्हणायचे. सुट्टीत आली की म्हातारे तोंड उघडून उभे राहायचे. ती म्हणायची, "अहो, मला अजून काही शिकवलेलं नाही." ते म्हणायचे, "बघायला काय जातंय? बघ तरी."

शिक्षण संपलं तेव्हा बिश्केकमधल्या एका दवाखान्यात तिला जागा मिळत होती. जुमाकादिर म्हणाले, "आमची डॉक्टर आमच्यात बसेल." झालं. पुन्हा सगळ्यांनी घातलं, एक जुनी खुर्ची आणि मशीन विकत घेतलं, गवताच्या ट्रकवर लादून आणलं. माझी बायको गेल्यापासून पुढची खोली रिकामीच होती. मी दिली.

उद्घाटनाला मेंढा कापला. मांस वाटताना जुमाकादिरनी शेपटीकडचं हाड उचलून बेगाइमपुढे ठेवलं. तो वाटा मानाच्या वयस्क बाईचा असतो. बिनलग्नाच्या पोरीपुढे तो ठेवलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. कालिपा ओढणीच्या टोकाने डोळे पुसत होती. पोरगी मात्र ते हाड हातात धरून नुसती बसली होती. तोडावं की नाही तिला कळत नसावं.

खुर्चीत पहिले बसले जुमाकादिरच. इंजेक्शन नको म्हणाले.

"दुखेल, काका."

"त्याला पैसे पडतात ना? राहू दे. मी काही ओरडणारा माणूस नाही."

ओरडले. बाजारातल्या लोकांनी वळून बघितलं.

तिथून रांग लागली ती थांबलीच नाही. पण रांग सगळी भावकीची. पैसे कोण देणार? लोणी यायचं, कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे यायचे, हिवाळ्यात घोड्याचं मांस यायचं. ती मला भाड्यात लोणी द्यायची. एकट्या माणसाला किती लोणी लागतं? मी भाडं नकोच म्हणालो तर दुप्पट आणून ठेवलं. तिचं सामान मात्र लोण्यावर येत नव्हतं. दातात भरायचा मसाला, इंजेक्शनं, हातमोजे, सगळं बिश्केकहून रोख मागवायचं.

आमच्याकडे प्रत्येकाला आपले सात बाप पाठ असतात. सात पिढ्या मागे गेलं की अख्ख्या बाजारात परका उरतो किती! एकदा मी दारात बाकावर बसलो होतो. आत एक गृहस्थ होते, आवाज चांगला खणखणीत.

"माझी मेंढी तुझ्या कुठल्या वर्षाला लागली गं?"

बेगाइम काहीतरी म्हणाली.

"दुसऱ्या? मग दुसऱ्या वर्षात जेवढं शिकलीस तेवढं तरी फुकट कर!"

ती हसली असावी. ते म्हणाले, "हसू नको, दोन वेताची होती."

दुसरा एक जण यायचा तो म्हणायचा, माझ्या सासऱ्यांनी घोडी घातली होती. त्याच्या सासऱ्यांनी काही घातलं नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. तरी दात भरून दिला. पैसे देणारे थोडे परके होते, तेही बाहेरची रांग बघून दुसरीकडे जाऊ लागले.

समोर रस्त्यापलीकडे पेरिझात बसायची, बेगाइमच्या शाळेतली. शाळेत ढ. चार महिन्यांचा नखं रंगवायचा आणि पापण्या लावायचा कोर्स करून आली होती. तिच्याकडे बेगाइमच्या चुलतबहिणीही जायच्या आणि मुकाट्याने पैसे मोजायच्या. दुपारी दोघी माझ्या अंगणात चहा प्यायच्या.

"तू पैसे मागत का नाहीस?" पेरिझात विचारायची.

"कसे मागू? त्यांनीच शिकवलंय."

"मला माझ्या आईच्या शिव्यांनी शिकवलं. माझ्या नखांत कुणाची मेंढी नाही, बाई. बोट पुढे कर, पैसे ठेव, चालती हो."

"तुझं बरं आहे."

"मग सोड ते दात आणि ये माझ्याकडे. तुझा हात हलका आहे. पापण्या छान लावशील."

पेरिझात थट्टाच करत होती. बेगाइमने मात्र कप खाली ठेवला आणि विचारलं, "किती दिवसांत शिकता येतं?" पेरिझातचं हसू गेलं. ती म्हणाली, "गप्प बस. सहा वर्षं काय पापण्या लावायला शिकलीस?"

गेल्या वसंतात मसाला संपला. मागवायला हातात काही नव्हतं. तिने एका चुलत्याच्या दातात तात्पुरतं भरलं आणि ते आठवड्यात निघालं. ते गृहस्थ बाजारभर सांगत फिरले, पोरीला येत काही नाही, आपल्या मेंढ्या पाण्यात गेल्या. ते तिला फार लागलं असावं. दुसऱ्या दिवशी खोलीचं दार लावलेलं होतं. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आजोबा, मी काकांना सांगणार आहे. माझ्या कामाचं काही नको. सामानाचे तेवढे द्या. नाहीतर हे बंद पडेल."

मी म्हणालो, "सांग की."

"ऐकतील का?"

"ते मला काय माहीत, पोरी."

जुमाकादिर अंगणात आले तेव्हा मी तिथेच लाकडं फोडत होतो. ती जे म्हणाली ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "तुला दात उपटायला शिकवलं असं वाटतं का तुला? दात कुणीही उपटतं. आपल्या माणसाला बाकावर बसावं लागू नये म्हणून शिकवलं. आज पैसे मागशील, तर ज्याच्याकडे नाहीत तो पुन्हा बाकावरच ना?"

"पण काका, सामानच नसेल तर खुर्चीत बसवून तरी काय करू?"

"सामानाला घालतील लोक. मी सांगतो त्यांना."

त्यांनी सांगितलं. एक-दोन घरांनी घातलं. बाकीचे म्हणाले, किती वेळा घालायचं? खोटं तेही नव्हते बोलत. उन्हाळाभर तिने कसंबसं रेटलं, आणि शेवटी ज्यांना जमतं त्यांच्याकडून सामानाचे पैसे घ्यायला लागली. हळू आवाजात, मान खाली घालून. लोक देत होते आणि बाहेर येऊन माझ्यादेखत थुंकत होते.

शरद लागत होता, कुरणावरून कळप उतरायला लागले होते. जुमाकादिरच्या घरी जेवण होतं. त्यांचा नातू राजधानीत कायदा शिकायला जाणार, त्याच्या फीसाठी घरं जमली होती. मलाही बोलावलं होतं. ताट आलं, मांसाचे वाटे पडू लागले. जुमाकादिरनी शेपटीकडचं हाड एका म्हातारीला दिलं, ते ठीकच. मग बेगाइमपुढे मणक्याचा एक लहानसा तुकडा ठेवला. तो वाटा पोरासोरांचा असतो, नवीन सुनांचा. तिच्यासारख्या कमावत्या बाईचा नाही. कालिपा उठून चहाच्या भांड्याकडे गेली आणि तिथेच पाठ करून उभी राहिली.

बेगाइमने तो तुकडा नीट खाल्ला, हाड साफ करून ताटात ठेवलं.

मग घालायची वेळ आली. प्रत्येक जण आपापलं सांगत होता. तिच्यापर्यंत पाळी आली तशी जुमाकादिर म्हणाले, "तुझ्या वेळी सगळ्यांनी घातलं. आता तुझी वेळ. तुझ्याकडे रोख नसेल, माहीत आहे मला. पण खुर्ची आहे. ती भावकीचीच आहे. नारीनला एक जण घ्यायला तयार आहे."

मी मान वर केली. मला वाटलं ती रडेल, नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "हो काका. घ्या."

"आणि तू काय करशील?" मागून कालिपाने विचारलं. खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती याआधी आयुष्यात कधी बोलली असेल असं मला वाटत नाही.

"खाली दक्षिणेत, जलालाबादला, दवाखान्यात जागा आहे, आई. मी फोन केला होता."

"जलालाबादला आपलं कोण आहे?"

"कुणी नाही."

जुमाकादिरना हे अपेक्षित नव्हतं. खुर्ची गेली तर पोरगी नमतं घेईल, पुन्हा आपल्या शब्दात येईल, मग दुसरी खुर्ची बघू, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं. मी त्यांच्या मनातलं सांगतोय, खरं तर तेवढा हक्क मला नाही. ते शेवटी एवढंच म्हणाले, "मग माझी ही वरची दाढ?"

काही जण हसले. जुमाकादिर थट्टा करत नव्हते. दाढ खरंच दुखत होती.

"उद्या सकाळी या," ती म्हणाली. "खुर्ची न्यायच्या आधी."

ते आले. इंजेक्शन घेतलं. जाताना खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवू लागले, ते तिने घेतलं नाही. दुपारी खुर्ची गेली. जमिनीवर तिच्या पायांचे चार डाग राहिलेत, ते अजून निघत नाहीत.

आता चहाच्या दुकानातला प्रश्न. फिटला का खर्च? तिला तिकडे पगार मिळतो. कालिपाला थोडं पाठवते. सामान दवाखान्याचं, आणि आलेल्या माणसाला सात बाप विचारावे लागत नाहीत. म्हणजे फिटला म्हणायचं. पण ज्यांनी घोड्या घातल्या ते आज पुन्हा बाकावर बसतात. जुमाकादिर गाल धरून परवाच नारीनला गेले. त्यांचा फिटला का? आणि तिला इथेच बसायचं होतं. एवढं तर मी भिंतीपलीकडूनही ओळखलं होतं. नर्सचा कोर्स केला असता तर ती आज इथे असती, आईजवळ. बरी असती की नाही, मला सांगता येत नाही. पेरिझातला विचारलं तर म्हणते, "आजोबा, तुम्ही फार विचार करता. ती इथे होती तेव्हा स्वतःचे दात मात्र दाखवले नाहीत."

ती गेली त्या सकाळी मी बाजारापर्यंत पिशवी धरायला गेलो. कझारमनच्या वाटेने जलालाबादला जाणारी भाड्याची गाडी होती, उतारू भरेपर्यंत थांबलेली. कालिपा आदल्या दिवशीच भेटून खेड्याला परतली होती, गायी होत्या.

"पुढे बसलीस का?" मी विचारलं.

"मागेच, आजोबा. पुढच्या सीटचे जास्त घेतात."

"मग काच वर करून घे. घाटात फार धूळ असते."

"ही काच अर्धीच चढते."

"ओढणी घे तोंडावर."

"घेते. तुम्ही जा आता, ऊन चढतंय."