आत्याबाईंची पसंती

शेजारच्या वहिनींना कशातच वेळ लागत नसे. भाजीवाल्यानं भाव सांगायच्या आत त्या "नाई पाह्यजे" म्हणून मोकळ्या होत. त्या वर्षी बोंडअळीनं त्यांच्या बाभुळगावच्या शेतातला कापूस खाल्ला. कॉलनीच्या सहलीला त्या येणार नाहीत, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या आल्या, म्हाताऱ्या सासूलाही घेऊन. म्हणाल्या, "कापूस गेला, मानसं तं हाओत ना!"

नागपूरजवळच्या त्या वॉटर पार्कात कुठल्या हॉटेलात जेवायचं, यावर आमचा वाद पेटला. वहिनी सासूकडे वळल्या. "आत्याबाई, तुम्ही सांगा."

"मले काय समजते? मले कोनं कधी इचारलं?"

"म्हनूनच इचारून राह्यली."

मग म्हातारी प्रत्येक दारात थांबत, आत डोकावत सगळा पार्क फिरली. पोरं भुकेनं रडकुंडीला आली. वहिनी मात्र तिच्याच चालीनं मागं चालत होत्या आणि कोणी काही सुचवू लागलं की नुसता हात वर करून त्याला गप्प करत होत्या. मी थक्क होऊन बघत राहिलो.

शेवटी म्हातारीनं लाजत आइस्क्रीमच्या गाडीकडे बोट दाखवलं. आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "आज जेवन हेच."

आम्ही सगळे निमूट रांगेत उभे राहिलो. सर्वांत पुढे म्हातारी होती.